इंजिनाचा दम राखणारी कडी
जादा शक्तीच्या इंजिनासाठी पिस्टन रिंग निवडताना नाममुद्रेपेक्षा फट, लेप आणि सिलिंडरची भिंत महत्त्वाची

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील पियाजिओच्या कारखान्यातून तीनचाकी गाड्या नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून बाहेर पडू लागल्या. २०१२ साली तेथे व्हेस्पा स्कूटरची निर्मिती सुरू झाली आणि २०२३ च्या अखेरीस एप्रिलिया आरएस ४५७ ही दोन सिलिंडरांची वेगवान मोटारसायकल तेथूनच बाजारात आली. याच कारखान्याच्या आसपासच्या रस्त्यांवर गळीत हंगामात दुसरेच दृश्य असते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी येथील साखर कारखान्यांकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत दिसते. त्या मोटारसायकलीचे इंजिन मिनिटाला नऊ हजारांवर फेरे घेते, तर ट्रॅक्टरचे दोन हजारांच्या आसपास. एकाला वेग हवा, दुसऱ्याला ओढ. तरीही दोन्ही इंजिनांचा दम अखेर एकाच वस्तूवर टिकून असतो. ती वस्तू म्हणजे पिस्टनवर बसवलेली, काही ग्रॅम वजनाची धातूची कडी, अर्थात पिस्टन रिंग.

इंजिनाची शक्ती वाढवायची ठरली की खर्चाची यादी पिस्टन, कॅमशाफ्ट, टर्बो, सायलेन्सर अशा ठळक वस्तूंनी भरते. रिंग मात्र पिस्टनबरोबर येणाऱ्या पाकिटातील किरकोळ वस्तू मानली जाते. पाकीट फोडायचे, रिंगा चढवायच्या आणि सिलिंडर बसवायचा, एवढ्यात काम संपते. नेमकी येथेच मोठी चूक होण्याची शक्यता असते. नव्याने बांधलेले इंजिन पहिल्याच आठवड्यात जाम होणे, ऑइल पिणे किंवा पूर्वीपेक्षाही कमी ओढणे, यामागे अनेकदा रिंगची निवड किंवा तिची बसवणूक चुकलेली असते. हंगामाच्या तोंडावर ट्रॅक्टर उभा राहिला तर ऊसवाहतुकीचा करार धोक्यात येतो आणि शर्यतीची गाडी सरावातच बंद पडली तर महिन्यांची मेहनत वाया जाते.

एका कडीची तीन कामे

वाफेच्या इंजिनाच्या आरंभीच्या काळात पिस्टन आणि सिलिंडर यांमधील फट ताग-अंबाडीसारख्या धाग्यांच्या वेटोळ्यांनी बुजवली जात असे. हे वेटोळे लवकर झिजे आणि वारंवार बदलावे लागे. जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे अभियंत्याने १८५० च्या दशकात एका ठिकाणी चिरलेली, स्वतःच्या ताणाने बाहेर फाकणारी धातूची कडी वापरात आणली. आजच्या पिस्टन रिंगचे मूळ तत्त्व तेच आहे.

बहुतेक चार स्ट्रोक इंजिनांत प्रत्येक पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरची कॉम्प्रेशन रिंग ज्वलनाचा दाब अडवते. दुसरी रिंग उरलासुरला दाब अडवते, परंतु तिचे अधिक महत्त्वाचे काम भिंतीवरील ऑइल खरवडून खाली लोटण्याचे असते. तिसरी ऑइल रिंग भिंतीवर वंगणाचा अगदी पातळ थर शिल्लक ठेवून बाकीचे ऑइल परत तळाशी पाठवते. याखेरीज डोळ्यांना न दिसणारे एक कामही रिंगा करतात. ज्वलनाने तापलेल्या पिस्टनमधील उष्णतेचा मोठा वाटा रिंगांमधूनच सिलिंडरच्या भिंतीत आणि तेथून पाण्यात किंवा हवेत जातो. रिंग भिंतीला नीट टेकली नाही तर दाब गळतोच, शिवाय पिस्टनही तापत जातो.

रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः स्वतःच्या स्प्रिंगसारख्या ताणाने, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. ज्वलनाच्या क्षणी वायू पिस्टनवरील खाचेत शिरतो, रिंगच्या पाठीमागे पोहोचतो आणि तिला आतून बाहेर भिंतीवर रेटतो. साध्या पेट्रोल इंजिनात हा दाब वातावरणाच्या दाबाच्या पन्नास-साठ पट, तर टर्बो बसवलेल्या डिझेल इंजिनात दीडशे पट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो. त्यापुढे रिंगचा अंगचा ताण किरकोळ ठरतो. जास्त कडक रिंग म्हणजे जास्त चांगली पकड, हे गणित त्यामुळेच चुकते. कडक रिंग घर्षण वाढवते आणि कमावलेली शक्ती भिंत घासण्यात खर्च करते.

वेग वाढला की काय बदलते?

एप्रिलिया आरएस ४५७ च्या इंजिनाचा बोअर ६९ मि.मी. आणि स्ट्रोक ६१.१ मि.मी. आहे. कमाल शक्ती मिनिटाला ९,४०० फेऱ्यांवर मिळते. एका फेऱ्यात पिस्टन एकदा खाली आणि एकदा वर जातो. त्या हिशेबाने त्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १९ मीटर, म्हणजे ताशी ६९ किलोमीटरच्या घरात पडतो. मिनिटाला २,००० फेरे घेणाऱ्या आणि ११० मि.मी. स्ट्रोक असलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनात हाच वेग सेकंदाला सव्वासात मीटरच्या आसपास राहतो.

वेगापेक्षाही कठीण असतो तो वेगातील बदल. वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो आणि लगेच खाली वळतो. आरएस ४५७ च्या मापांवरून हिशेब केला तर कमाल शक्तीच्या फेऱ्यांवर या वळणावरचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या तीन हजार पटींहून अधिक येते. चार ग्रॅमची रिंग त्या क्षणी बारा किलोहून अधिक वजनाच्या ओढ्याने खाचेत वर उचलली जाऊ पाहते. वायूचा दाब तिला खाली दाबून धरत असेल तोवर ठीक. पण ओढा दाबावर मात करू लागला की रिंग खाचेत फडफडते. ती खाचेच्या तळापासून सुटली की पाठीमागील दाब निघून जातो आणि वायू खाली क्रँककेसमध्ये घुसतो. शक्ती अचानक उतरते. हे टाळण्याचा सरळ मार्ग म्हणजे रिंगचे वजन कमी करणे. म्हणूनच जुन्या इंजिनांत दीड-दोन मि.मी. जाडीच्या रिंगा दिसतात, तर वेगवान इंजिनांत एक मि.मी.च्या आसपासच्या किंवा त्याहून पातळ रिंगा वापरल्या जातात.

याचा अर्थ पातळ रिंग सर्वत्र चांगली असा नव्हे. रिंगची जाडी पिस्टनवरील खाच ठरवते. जुन्या पिस्टनच्या रुंद खाचेत पातळ रिंग बसवता येत नाही. खाच आणि रिंग यांमध्ये उभी मोकळीक साधारणपणे मि.मी.च्या शंभराव्या भागांतील तीन ते आठ भाग एवढीच चालते. ती वाढली तर नवी रिंगही फडफडते. जुन्या पिस्टनवर नव्या रिंगा चढवून काम उरकण्यापूर्वी खाच मोजणे त्यासाठीच आवश्यक ठरते. ट्रॅक्टरच्या इंजिनात प्रश्न वेगाचा नसून दीर्घकाळच्या दाबाचा आणि काजळीचा असतो. तेथे वरची रिंग अनेकदा पाचरीसारखी, दोन्ही बाजूंनी निमुळती असते. ती खाचेत सतत किंचित आतबाहेर होत राहते, त्यामुळे साचलेला कार्बन चिरडला जातो आणि रिंग चिकटून बसत नाही. अशा खाचेत सपाट रिंग घालणे म्हणजे त्या रचनेचा मूळ हेतूच रद्द करणे होय.

धातू आणि लेप

साध्या बिडाची, म्हणजे कास्ट आयर्नची रिंग भिंतीशी सर्वांत लवकर जुळते आणि स्वस्तही असते. मात्र ती ठिसूळ असते. वेळेआधी पेट घेणाऱ्या मिश्रणामुळे इंजिनात खटखट सुरू झाली की अशी रिंग तुटते आणि तिचे तुकडे सिलिंडर फाडतात. डक्टाइल आयर्न ही बिडाचीच सुधारित जात आहे. ती मोडण्यापूर्वी वाकते. टर्बो किंवा वाढीव कॉम्प्रेशन असलेल्या इंजिनात वरच्या रिंगसाठी किमान डक्टाइल आयर्न, अन्यथा पोलाद निवडले जाते. पोलादाची रिंग पातळ असूनही ताकद राखते.

धातूइतकाच महत्त्वाचा असतो तो भिंतीला टेकणाऱ्या मुखावरचा लेप. क्रोमचा लेप कठीण असतो आणि धुळीला तोंड देतो. परंतु तो भिंतीशी जुळायला वेळ घेतो आणि वंगण धरून ठेवत नाही. मॉलिब्डेनम, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील ‘मॉली’, सच्छिद्र असते. तिच्या सूक्ष्म छिद्रांत ऑइल टिकते, ती लवकर जुळते आणि २,६०० अंश सेल्सियसच्या पुढे वितळत असल्याने अति उष्णतेतही भिंतीला चिकटत नाही. दोष असा की धुळीचे कण त्याच छिद्रांत रुतून बसू शकतात, आणि जोराच्या खटखटीने मॉलीचा थर सुटून येऊ शकतो. नायट्राइड केलेले पोलाद आणि निर्वात कक्षात चढवलेला क्रोमियम नायट्राइडचा लेप हे अलीकडचे पर्याय होत. ते पातळ रिंगांवरही टिकतात आणि आजच्या वेगवान इंजिनांत मोठ्या प्रमाणावर दिसतात.

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील, पर्जन्यछायेतील तालुके. नीरा डाव्या कालव्याने आणि उजनीच्या पाण्याने ऊस फुलवला असला तरी शिवाररस्ते वर्षातील बराच काळ कोरडे आणि धुळीचे असतात. शेतातून भरलेल्या ट्रॉल्या बाहेर काढणाऱ्या ट्रॅक्टरसाठी क्रोमचा पर्याय म्हणूनच समंजस ठरतो. चेन्नई किंवा कोइंबतूरच्या स्वच्छ डांबरी सर्किटवर धावणाऱ्या मोटारसायकलीसाठी मॉली किंवा नायट्राइड पोलाद सरस पडेल. तथापि कोणताही लेप एअर फिल्टरची जागा घेऊ शकत नाही. फाटका फिल्टर किंवा फिल्टरनंतरचा सैल पाइप सर्वोत्तम रिंगही अल्पकाळात झिजवतो.

लेप निवडताना समोरची भिंत कशाची आहे हे विसरून चालत नाही. क्रोमचा मुलामा असलेल्या सिलिंडरमध्ये क्रोमची रिंग कधीही घालू नये. दोन सारखे कठीण पृष्ठभाग एकमेकांना ओरबाडतात. अनेक आधुनिक मोटारसायकलींच्या ॲल्युमिनियम सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा अतिशय कठीण मुलामा असतो. असा सिलिंडर नेहमीच्या पद्धतीने बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन घालता येत नाही. मुलामा कापला गेला की खाली मऊ ॲल्युमिनियम उरते. तेथे सिलिंडर नवा घ्यावा लागतो किंवा पुन्हा मुलामा चढवून हिऱ्याच्या दगडांनी घासून घ्यावा लागतो. त्या मुलाम्याशी जुळणारी रिंग कोणती, हे मुलामा देणाऱ्याला विचारूनच ठरवणे शहाणपणाचे.

फटीचे गणित

रिंगच्या दोन टोकांमधील फट हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. फट मोठी असेल तर दाब गळेल, म्हणून ती जितकी कमी तितकी चांगली, असे सहज वाटते. प्रत्यक्षात धोका उलट बाजूला अधिक असतो. इंजिन तापले की रिंग लांबते. फट पुरेशी नसेल तर दोन्ही टोके एकमेकांना भिडतात. मग लांबायला जागा न उरलेली रिंग भिंतीवर प्रचंड जोराने दाबली जाते, ऑइलचा थर फाटतो, भिंतीवर ओरखडे उठतात आणि अखेरीस पिस्टनचा वरचा कडा तुटतो.

हा हिशेब कोणालाही करून पाहता येईल. १०० मि.मी. बोअरच्या इंजिनात रिंगचा परीघ सुमारे ३१४ मि.मी. असतो. लोखंडी धातू तापमानाच्या प्रत्येक अंशाला स्वतःच्या लांबीच्या दशलक्षांश सुमारे ११ भागांनी वाढतो. रिंग सिलिंडरच्या भिंतीपेक्षा १०० अंशांनी अधिक तापली तर ती ०.३५ मि.मी.ने लांबते. हाच फरक १५० अंशांवर गेला तर वाढ ०.५२ मि.मी. होते. म्हणजे साध्या वापरात ०.४० मि.मी. फटीने सुखाने चालणारे इंजिन टर्बो बसवल्यावर त्याच फटीने जाम होऊ शकते. रिंग तीच आणि सिलिंडर तोच असतो. फक्त उष्णता वाढलेली असते.

इंजिन बांधणाऱ्यांचा रूढ नियमही याच हिशेबाशी जुळतो. टर्बो नसलेल्या, रोजच्या वापराच्या इंजिनात वरच्या रिंगची फट बोअरच्या हजारात चार भाग ठेवतात. १०० मि.मी. बोअरला ती ०.४० मि.मी. होते. शर्यतीच्या, पण टर्बो नसलेल्या इंजिनात हजारात साडेचार ते पाच, टर्बो असल्यास सहा आणि नायट्रससारख्या अति उष्णतेच्या प्रकारात सात भागांपर्यंत फट ठेवली जाते. हे आकडे दिशादर्शक आहेत. पिस्टनच्या किंवा रिंगच्या निर्मात्याने दिलेला आकडा उपलब्ध असेल तर तोच अंतिम मानावा.

दुसऱ्या रिंगची फट वरच्या रिंगएवढी किंवा किंचित जास्त ठेवण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. वरच्या रिंगमधून निसटलेला वायू दोन रिंगांच्या मध्ये कोंडला तर तो वरच्या रिंगला खालून उचलतो. दुसऱ्या रिंगची फट मोठी असली की तो खाली निघून जातो आणि वरची रिंग जागेवर राहते. दुसरी रिंग घट्ट ठेवून दाब वाचवण्याचा प्रयत्न त्यामुळे उलटा पडतो.

फट मोजायची ती ज्या सिलिंडरमध्ये रिंग बसणार आहे त्याच सिलिंडरमध्ये. रिंग आत सरकवावी, पिस्टनने हलके ढकलून सरळ करावी आणि फिलर गेजने मोजावी. चार सिलिंडर असतील तर प्रत्येक रिंग तिच्या सिलिंडरमध्ये मोजून त्याच सिलिंडरच्या नावाने बाजूला ठेवावी. सिलिंडर आधीच वापरलेला असेल तर मोजण्याची जागाही महत्त्वाची ठरते. झीज वरच्या टोकाला, जेथे वरची रिंग वळते तेथे, सर्वाधिक असते आणि खाली कमी असते. म्हणून फट रिंगच्या प्रवासातील सर्वांत अरुंद जागी मोजावी. सिलिंडरचा व्यास ०.१० मि.मी.ने वाढला की फट ०.३१ मि.मी.ने वाढते. वर मोकळी दिसणारी रिंग त्यामुळे खाली टोके भिडवून बसू शकते.

फट कमी भरली तर एका टोकाला बारीक कानस चालवून ती वाढवतात. कानस नेहमी बाहेरच्या मुखाकडून आतल्या बाजूला चालवावी, म्हणजे लेपाचे टवके उडत नाहीत. कडेला राहिलेली धार शेवटी हलकी मोडून घ्यावी. झिजलेल्या स्टँडर्ड सिलिंडरमध्ये ०.५० मि.मी. ओव्हरसाइझ रिंग कानसून बसवण्याचा प्रकार मात्र टाळावा. ती रिंग मोठ्या व्यासासाठी घडवलेली असते. लहान सिलिंडरमध्ये ती गोल बसत नाही. काही ठिकाणी टेकते आणि काही ठिकाणी उजेड दिसतो. सिलिंडर झिजला असेल तर ०.२५, ०.५० अशा पुढच्या मापाला बोअर करून त्याच मापाचा पिस्टन आणि रिंग घेणे हाच खरा उपाय.

भिंत हीच रिंगची जोडीदार

बोअर केलेला सिलिंडर आरशासारखा गुळगुळीत असावा, असा आग्रह काही ग्राहक धरतात. वास्तविक नवी रिंग गुळगुळीत भिंतीवर जुळतच नाही. होनिंग करताना भिंतीवर परस्परांना छेदणाऱ्या तिरप्या, बारीक रेषांची जाळी उठवली जाते. या रेषांच्या तळात ऑइल साठते, तर त्यांचे माथे नव्या रिंगशी घासून तिला आकार देतात. क्रोमसाठी ही जाळी थोडी जाड, मॉलीसाठी बारीक लागते. म्हणून होनिंगला सिलिंडर देताना कोणती रिंग बसणार आहे हे कारागिराला आधी सांगितले पाहिजे. जाळी एका रिंगसाठी उठवली आणि रिंग दुसरीच आणली, तर दोन्ही वस्तू चांगल्या असूनही इंजिन ऑइल पिते.

यानंतरची पायरी सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे. होनिंगच्या दगडाची पूड जाळीच्या रेषांत रुतलेली असते. पेट्रोल किंवा डिझेलने धुतल्यास ती पूर्ण निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश यांनी सिलिंडर घासावा, कोरडा करावा, ऑइल लावून पांढऱ्या फडक्याने पुसावा आणि फडक्यावर राखाडी डाग उठणे थांबेपर्यंत हे पुन्हा करावे. ही पूड आत राहिली तर नव्या रिंगा पहिल्या काही तासांतच झिजतात.

ट्रॅक्टरची शक्ती ‘पंपात’ वाढवताना

जादा शक्तीचे इंजिन म्हटले की शर्यत आठवते. ग्रामीण भागात मात्र ती वाढवण्याचा सर्वपरिचित प्रकार डिझेल पंपाचा पुरवठा वाढवण्याचा आहे. चढावर दोन भरलेल्या ट्रॉल्या खेचताना ट्रॅक्टर दम टाकू लागला की पंपातून अधिक डिझेल सोडले जाते. ओढ वाढते, पण हवा तेवढीच राहिल्याने सर्व डिझेल जळत नाही. काळा धूर निघतो, पिस्टनचे तापमान चढते आणि न जळलेले डिझेल भिंतीवरील ऑइल धुऊन काढते. रिंगची फट मात्र मूळ शक्तीच्या उष्णतेसाठीच ठेवलेली असते. पुढे काय होते, हे वरील हिशेबावरून स्पष्ट व्हावे.

ट्रॅक्टरच्या इंजिनासाठी लायनर, पिस्टन, रिंग आणि पिन यांचे एकत्र किट मिळते आणि तेच घेणे हिताचे, कारण त्यातील धातू परस्परांना जुळवलेले असतात. किटमधील फटही गृहीत न धरता मोजलीच पाहिजे. मूळचा टर्बो नसलेल्या इंजिनाचे किट टर्बो बसवलेल्या इंजिनात घालणे धोक्याचे असते. मापे सारखी असली तरी वरच्या रिंगचा आकार, लेप आणि पिस्टनवर ऑइलचा फवारा मारण्याची सोय यांत फरक असू शकतो.

टू स्ट्रोक इंजिनांचा नियम आणखी वेगळा. यामाहा आरएक्स १०० सारख्या, ५० मि.मी. बोअर आणि ५० मि.मी. स्ट्रोकच्या जुन्या गाड्या आजही हौसेने बांधल्या जातात. तेथे ऑइल रिंग नसते आणि सिलिंडरच्या भिंतीत वायूच्या वाटा कोरलेल्या असतात. रिंगचे टोक त्या वाटेत अडकू नये म्हणून खाचेत एक बारीक पिन असते. रिंगची टोके त्या पिनच्या दोन्ही बाजूंना नेमकी बसलीच पाहिजेत. चार स्ट्रोक इंजिनात मात्र रिंगा फिरू शकतात. बसवताना त्यांच्या फटी एका रेषेत न येऊ देणे आणि निर्मात्याची खूण असलेली बाजू वर ठेवणे एवढे पथ्य पुरते. दुसरी रिंग उलटी बसली तर ती ऑइल खाली लोटण्याऐवजी वर नेते.

शर्यतीच्या इंजिनांत घर्षण घटवण्यासाठी कमी ताणाची ऑइल रिंगही वापरतात. काही शर्यतींत त्यासाठी क्रँककेसमधील हवा पंपाने ओढून घेण्याची जोड असते. ती जोड नसलेल्या, रोज कार्यालयात नेल्या जाणाऱ्या गाडीत अशी रिंग घातली तर निळा धूर आणि उतरणारी ऑइलची पातळी एवढेच हाती लागते. रिंग नियमबद्ध प्रदूषणाशी कशी जोडलेली आहे, हेही येथे दिसते. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली. जळणारे ऑइल धुरातून बाहेर पडते आणि सायलेन्सरमधील शुद्धीकरण यंत्रणाही खराब करते.

पहिले काही तास

नवे इंजिन तासन्‌तास हळू चालू ठेवावे, असा जुना समज आहे. रिंग वायूच्या दाबाने भिंतीवर टेकते हे ध्यानात घेतले तर त्यातील चूक कळते. इंजिन नुसतेच सुरू ठेवले तर दाब अपुरा पडतो, रिंग जुळत नाही आणि भिंतीवरील जाळीचे माथे ऑइलने चकचकीत होऊन बसतात. सुरुवातीला इंजिन गरम होऊ द्यावे, गळती तपासावी आणि मग मध्यम भार देत चालवावे. गती वाढवावी, सोडावी, पुन्हा वाढवावी. पूर्ण भार आणि अति उष्णता मात्र टाळावी. सुरुवातीला साधे खनिज ऑइल वापरून ते लवकर बदलले की जुळणीत निघालेले धातूचे कण बाहेर पडतात.

जुन्या इंजिनात रिंग गेली आहे का, हे ठरवण्यासाठी इंजिन उघडण्याची घाई करू नये. भार देताच सतत निळा धूर येत असेल आणि ब्रीदरमधून वायूचे लोट निघत असतील तर संशय रिंगवर जातो. बराच वेळ उभी गाडी सुरू करताना क्षणभर धूर येत असेल तर दोष बहुधा व्हॉल्व्हच्या सीलचा असतो. पेट्रोल इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजावे, प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल सोडावे आणि पुन्हा मोजावे. आकडा ठळकपणे वाढला तर रिंग किंवा सिलिंडर झिजला आहे. तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये शोधावा. जुनी मोटार विकत घेणाऱ्यालाही ही चाचणी मोठ्या खर्चातून वाचवू शकते.

शक्ती वाढवण्याच्या उत्साहात कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल रस्त्यावरील वाहनात करता येत नाही. झिजलेल्या सिलिंडरची दुरुस्ती वेगळी आणि इंजिनाची क्षमताच बदलणे वेगळे. शर्यतीसाठी बांधलेल्या इंजिनाची जागा सर्किटवर आहे.

दुकानात गेल्यावर ‘सर्वांत चांगली रिंग कोणती’ हा प्रश्न त्यामुळे अपुरा ठरतो. इंजिन किती फेरे घेणार, किती वेळ पूर्ण भाराखाली राहणार, टर्बो आहे की नाही, हवा किती धुळीची आणि सिलिंडरची भिंत कशाची, या पाच प्रश्नांची उत्तरे प्रथम कागदावर असावीत. त्यांवरून धातू, लेप, जाडी आणि फट ठरते. पाकिटावरचे नाव त्यानंतर पाहावे. फिलर गेजने प्रत्येक रिंग मोजायला इंजिन बांधणाऱ्याचा अर्धा तास जातो. तो अर्धा तास वाचवला तर त्याची किंमत पुढे पिस्टन, सिलिंडर आणि वाया गेलेल्या हंगामाच्या रूपाने मोजावी लागते.